उठून गेलेला माणूस

बायको : पाठ दुखते म्हणून घरी बसलेत, असंच सांगितलंय यांनी मला. आणि तुम्ही म्हणता पाठीचा काही संबंध नाही. तुम्ही कोण मग? दवाखान्यातल्या?

संशोधिका : नाही काकू. मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. काका आमच्या एका प्रयोगाला आले होते. मला त्यांच्याशी जरा एकट्याने बोलायचं होतं.

बायको : दोन खोल्यांच्या घरात एकटं असं काही नसतं.

चालक : राहू दे, मुली. बोल हिच्यासमोर. कधीतरी कळणारच होतं.

बायको : काय कळणार होतं?

चालक : माझी स्मरणशक्ती चाललीये. हिनेच तपासून सांगितलं. शब्द वाचून दाखवले, मी ते परत म्हटले, मग हिने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, तुमच्या वयाच्या मानाने फारच कमी आहे, पुढे आणखी उतरेल. त्या दिवशी शाळेची मुलं सोडली, गाडी खाली लावली, जिना चढलो आणि तसाच उतरलो. एखादं पोर मागे झोपून राहिलं असलं तर? काचा बंद, वरून ऊन. सगळ्या सीटखाली हात घालून पाहिलं. वर आलो. जेवता जेवता पुन्हा उतरलो. रोज तेच. शेवटी पालकांना सांगितलं, दुसरी गाडी बघा.

बायको : आणि मला रोज पाठीला तेल चोळायला लावलंत.

चालक : दुसरं काय सांगणार होतो?

संशोधिका : काका, ते खरं नव्हतं.

चालक : काय खरं नव्हतं?

संशोधिका : तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. पडद्यावर काहीच नव्हतं. वाईट बातमी ऐकल्यावर माणूस हातातलं काम कसं करतो, ते आम्हाला पाहायचं होतं. म्हणून काही जणांना खोटं सांगायचं आणि घरी पाठवण्याआधी सगळं उलगडून सांगायचं, असं ठरलं होतं. विद्यापीठाच्या समितीने परवानगीही त्याच अटीवर दिली होती. पण तुम्ही मध्येच उठलात.

चालक : मला तिथे बसवेना.

संशोधिका : कुणी उठलं तर अडवायचं नाही, कारण विचारायचं नाही, हा आमचा नियम. लोकांच्या भल्यासाठीच केलेला. मी तुमच्यासाठी दार उघडून धरलं. नंतर किती फोन केले, बंदच.

चालक : पालकांचे यायचे. बंद करून टाकला.

संशोधिका : प्रयोग ज्यांचा आहे ते आमचे सर म्हणाले, घरी जाणं म्हणजे माणसाची ओळख उघडी करणं, जरा थांबू. मी थांबले. काल राहवेना, शाळेच्या फाटकाशी गेले. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, गाडीवाले काका शेवटच्या दिवशी मुलांसमोर रडले.

बायको : म्हणजे धडधाकट माणसाला घाबरवून घरी बसवलंत. आणि तेही नियमाने.

संशोधिका : हो.

चालक : थांब जरा. मुली, तेव्हाही तू अशीच समोर बसली होतीस. डोळ्यांत बघून बोललीस, असाच हळू आवाज. आज म्हणतेस ते खोटं. कीव आली असेल माझी. नाहीतर हाही प्रयोग असेल. चांगली बातमी दिली की माणूस काय करतो.

संशोधिका : नाही काका.

चालक : मला कसं कळणार?

संशोधिका : माझ्या बोलण्यावरून नाहीच कळणार. विश्वास ठेवा म्हणायला मला तोंड नाही. आमच्याशी संबंध नसलेल्या एखाद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी बाहेर बसेन.

चालक : पण परवा गॅस चालू ठेवला मी.

बायको : तो मी ठेवला होता. तुमच्या नावावर खपवला.

(चालक खिडकीतून खाली लावलेल्या गाडीकडे बघतो.)

चालक : सारखी घड्याळाकडे का बघतेयस? सांगून तर झालं.

संशोधिका : हे तुम्हाला सांगायला नको खरं तर. आणखी एक बाई अशाच उठून गेल्या. परिचारिका आहेत. जाताना म्हणाल्या, माझ्या हातून कुणाला चुकीचं औषध गेलं तर मी जिवंत राहणार नाही. त्यांचाही फोन लागत नाही. सर म्हणतात, बैठकीत ठरवू.

बायको : राहतात कुठे?

संशोधिका : नदीपलीकडे. आता तिकडेच निघालेय. एकटीने दार वाजवायची भीती वाटतेय, काकू. उघडलंच नाही तर?

बायको : आणि उघडलं तरी तुझ्यावर कशाला विश्वास ठेवतील त्या? यांनी ठेवला?

चालक : किल्ली दे गं.

बायको : तुम्ही चालवणार?

चालक : रिक्षा शोधत बसायची ही वेळ आहे का? त्या बाईला माझ्याकडे बघून तरी पटेल. तूही चल. मुली, तू पुढे बस, रस्ता सांग. आणि पूल ओलांडेपर्यंत कुणीतरी माझ्याशी बोलत राहा, मन पुन्हा मागच्या सीटखाली जायला नको.