आत्या आणि माझी शांतता

चहाचे कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडाल. तुळजापूरला नव्या संगीतकारांचा शास्त्रीय महोत्सव होता आणि माझी पहिलीच रचना तिथं सादर होणार होती. व्हायोलिन माझं, सोबत तबला आणि संबळ. मधोमध मी एक थांबा ठेवला होता, सगळी वाद्यं एकदम गप्प. त्या शांततेवर माझा लई जीव! परीक्षक पुण्याचे, त्यांना आवडलं तर रचना पुण्यात वाजणार.

जळकोटची आत्या पहिल्या रांगेत. थांबा आला. सभागृह चिडीचूप. पण आमच्याकडं देवीच्या गोंधळात संबळ वाजायचं थांबलं की माणसं काय करतात, हे मी साफ विसरलेले. आत्यानं हात वर करून आरोळी ठोकली, “आई राजा उदो उदो!” मागून अख्खं सभागृह, “उदो उदो!” आमचा संबळवालासुद्धा!

मला वाटलं, संपलं सगळं. तर परीक्षक उठून उभे. “काय जागा काढलीय! हा घोष पुण्यातही हवाच.”

मग आत्याला पुण्याला नेलं. वाटेत दहादा बजावलं, “संबळ थांबलं की ओरडायचं.”

पुण्यात थांबा आला. आत्या कौतुकानं माझ्याकडं बघत गप्प बसलेली. मी मान हलवली, डोळे वटारले, भुवया उडवल्या. शेवटी आत्या उठली आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, “आगं, बघतीस काय अशी? पुढचं विसरलीस व्हय?”