आप्पांसाठी काढलेला रिले

कुणी कितीही गळ घातली तरी मी ॲम्प्लिफायरमधला रिले काढून देत नाही, त्यावरून तुम्ही मला हसता. आज कारण सांगतो.

निपाणीजवळच्या आमच्या गावात कुणी वारलं की देवळातल्या स्पीकरवरून आप्पा सांगायचे. ते ऐकूनच शेतातली माणसं घराकडं वळायची. पण बटण दाबलं की रिले चार सेकंद थांबायचा. ॲम्प्लिफायर धड असला तरच टक् करून स्पीकर जोडायचा, नाहीतर जोडायचाच नाही, म्हणजे स्पीकर जळायची भीती नाही. आप्पांना कुठला दम. बटण दाबताच बोलायला लागायचे आणि नेमकं गेलेल्याचं नावच कुणाला ऐकू जायचं नाही.

"काढून टाक ते," आप्पा म्हणाले.

"आप्पा, जरा थांबून बोला की."

"गेलेल्या माणसाला अजून किती थांबवायचं रं?"

मी काढला. तार थेट जोडून दिली.

गेल्या सुगीत आप्पाच गेले. सांगायला मी देवळात गेलो आणि बटण दाबलं. ॲम्प्लिफायर आतून बिघडलेला होता. धाडकन आवाज झाला, स्पीकरातून धूर आला. आप्पांचं नाव माझ्या तोंडातच राहिलं.

तो आवाज ऐकून शेजारच्या तंबाखूच्या रानातून आप्पांचे दोस्त बाबूअण्णा पळत आले. धूर बघून दारातच थांबले.

"स्पीकर जळला व्हय?" ते म्हणाले. "आता आप्पाला कुणी सांगायचं, तू का मी?"