मेहुण्याने बसवलेलं नेट

नाही, पण मी म्हणतो, धडधाकट चाललेल्या कॉम्प्युटरला हात लावायचाच कशाला? पण माझा मेहुणा! बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे मला तोंड उघडायची सोय नाही. आला, जुनं सगळं पुसलं, लिनक्स म्हणून कसलीशी नवी सिस्टीम घातली आणि मोकळा झाला. "आता नेट जोडायला बोट उचलायचं नाही, भाऊजी. आपोआप होतं!"

आपोआप! तुम्हाला सांगतो, या एका शब्दाने माझ्या डोक्याची मंडई केलीय!

त्या दिवशी लेकीचा इंटरव्ह्यू, कॉम्प्युटरवर, अकराला. वर्षभर पोरगी घरात बसलेली, आठवडाभर धड जेवली नव्हती, आणि कंपनीने आधीच बजावलेलं, वेळ चुकली तर पुन्हा संधी नाही. सकाळपासून नेट कसं ठणठणीत! आणि साडेदहाला बेल वाजली. कोण? मेहुणा! "म्हटलं, भाचीला धीर द्यावा." दिला! तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि नेट गेलं!

म्हणजे गंमत बघा, कोपऱ्यात ते चिन्ह सांगतंय, जोडलंय, फुल रेंज आहे, आणि आत एक पान उघडेल तर शपथ! झालं, मेहुण्याने बाह्या सरसावल्या. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, सरसर सरसर... "ड्रायव्हर असेल... नाही... राउटरच बंद करून बघू... थांबा हं, आपोआप होईल!" अरे, कधी? लेकीचे ओठ पांढरे पडलेत, आणि बायको माझ्याकडे बघतेय, जसं काही नेट मीच लपवून ठेवलंय!

शेवटी म्हणाला, "खाली जाऊन मित्राला फोन करतो." गेला. आणि तुम्हाला सांगतो, तो रस्त्यावर पोचतोय तोवर... "बाबा, आलं!"

इंटरव्ह्यू सुरू! समोर साहेब, शेजारी एक बाई, "स्वतःबद्दल सांगा," आणि पोरगी काय खणखणीत बोलायला लागली हो! मी दाराआड, डोळ्यांत पाणी... आणि हा चवड्यांवर चालत परत! "झालं ना? तरी सांगत होतो, आपोआप..."

पडद्यावरचे साहेब जांभई दिल्यासारखे तोंड उघडं टाकून गोठले. आणि मेहुण्याच्या खिशात फोन किणकिणला.

"काय वाजलं?"

"काही नाही, भाऊजी, तुमचा कॉम्प्युटर माझ्या फोनला जोडला गेला. लिनक्स घातलं त्या दिवशी तुमचं नेट बंद होतं ना, म्हणून मी फोनच्या नेटला तुमच्या घरच्या नेटचंच नाव दिलं. पासवर्डही तोच. कॉम्प्युटरला परकं वाटायला नको! जे जवळ असेल ते धरतो तो."

"मग चालत का नाही?"

"डेटा संपलाय. सकाळी व्हिडिओ बघितले ना, लिनक्सचे."

दंड धरला आणि ओढत जिन्यावरून खाली! बायको मागून, "माझ्या भावाला घराबाहेर काढता?" म्हटलं, हो, काढतो! खाली म्हटलं, "आधी ते फोनचं नेट बंद कर!" तर म्हणतो, "करतो की, पण ते परत चालू होतं... आपोआप!"

तासभर त्याला फुटपाथवर धरून उभा होतो मी! जाणारे-येणारे बघतायत, याने कुणाचं पाकीट मारलंय म्हणून. वर काय चाललंय कळेना. मग खिडकीत लेक आली. आणि हसली हो!

नोकरी लागली. तुम्ही म्हणाल, फोनच्या नेटचं नाव बदला म्हणावं. म्हटलं ना! तर म्हणतो, "बदलू की, भाऊजी. पण त्याआधी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटासा बदल..." हात जोडले मी. नको रे बाबा!

आणि नोकरी घरूनच करायचीय, बरं का. रोज. आणि बायकोचं म्हणणं, मामाच्या पायगुणानेच लागली, तेव्हा मामाला रोज चहाला बोलावणं. म्हणून आता रोज लेक वर काम करते आणि मी मेहुण्याला घेऊन खाली फुटपाथवर चहा पितो, तिची सुट्टी होईपर्यंत. नोकरी लागली लेकीला आणि ड्युटी करतोय मी!