शेपटीवर बसलेलं विमान

बायको : परत बसलं शेपटीवर?

नवरा : दिसतंय ना तुला.

बायको : तीन आठवडे दुसरं दिसतंय काय? वीतभर प्लास्टिकचं विमान, आणि टेबलावर पसारा अख्ख्या विमानतळाचा! आपण मांडीवर ताटं घेऊन जेवतोय. आता काय बिघडलं त्याचं?

नवरा : नाकात वजन घालायचं राहिलं.

बायको : कसलं वजन?

नवरा : विमानाची दोन्ही अर्धी चिकटवायच्या आधी नाकात छर्रे भरायचे असतात. नाहीतर मागची बाजू जड होते. कागदावर पहिलीच सूचना आहे.

बायको : आणि तू दुसरीपासून सुरुवात केलीस.

नवरा : तेव्हा पोरगी रडत होती!

बायको : हो, ढकल तिच्यावर. दीड वर्षाची घोडी झाली, साधे छर्रे भरता येत नाहीत तिला! अरे, तुझ्या बाबांनी जन्मभर विमानात माल भरला, आणि तू वजनच विसरलास?

नवरा : म्हणून तर जीव जातोय माझा. बाबा ज्यात माल भरायचे, त्याच विमानाचं मॉडेल आहे हे. आई राहायला येतेय खरी, पण तिला इथे आपलं असं काही दिसलं नाही ना, तर आठ दिवसांत परत जाईल. एकटी राहील तिकडे.

बायको : आणि झोपेल कुठे ती? पलंगाचे पाय अजून खोक्यात आहेत! घे, वाजली बेल. अरे, फडकं नको टाकूस, रंग ओला आहे!

(आई आत येते. हातातली पिशवी खाली न ठेवताच टेबलापाशी जाते.)

आई : हे असं का बसलंय?

नवरा : चुकलंय गं. नंतर बघ.

आई : माल मागून भरायला घेतला असणार.

नवरा : आई, रिकामं आहे ते.

आई : तुझे बाबा घरी येऊन तासतासभर हेच ऐकवायचे मला. नवी पोरं मागूनच भरत सुटतात म्हणे. मग हे आपले आधी शेपटीखाली टेकू लावायचे. सूनबाई, काडेपेटी आहे का गं?

बायको : ही घ्या.

आई : हं. सरक जरा. झालं!

नवरा : उभं राहिलं! पण काडेपेटी दिसतेय.

आई : दिसू दे. भरून होईपर्यंत टेकू काढायचा नसतो.

बायको : आई, तुमची खोली अजून लागली नाहीये. यांनी पलंगसुद्धा...

आई : लावा सावकाश. मी काय लगेच निघत नाहीये.