इंजिन चालूच होतं

(अलास्कातलं युपिक आदिवासींचं नदीकाठचं गाव. नास्तासियाचं स्वयंपाकघर, दुपार. समोर विमानचालक ग्रेडी.)

नास्तासिया : उभा काय राहिलास? बस, चहा घे. महिना झाला, विमान उतरवतोस, पोती टाकतोस आणि पळतोस. माझ्या घरात काय अस्वल बांधलंय?

ग्रेडी : तोंड दाखवायची लाज वाटत होती, मावशी.

नास्तासिया : तुला कसली लाज? ती मला वाटते. सगळं गाव म्हणतं, म्हातारी तुला द्यायला सुका मासा घेऊन विमानाच्या पंख्यात घुसली. वासिलीनं मागे खेचलं म्हणून वाचले. त्याची मात्र तीन बोटं गेली. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तो.

ग्रेडी : तुम्ही घुसला नाहीत. मी हात केला होता.

नास्तासिया : ते पाहिलं मी, म्हणून तर आले. मासा ज्याचा त्याच्या हातात द्यावा, दुसऱ्याकडून पाठवू नये. पण पंख्याकडे बघायला नको होतं का मी?

ग्रेडी : वेगात फिरणारा पंखा दिसत नाही. म्हणून तर नियम आहे. आधी इंजिन बंद, पंखा पूर्ण थांबला की मगच दार उघडायचं.

नास्तासिया : मग बंद का नव्हतं?

ग्रेडी : थंडी फार होती. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही, ही धास्ती. शिवाय पुढच्या गावाला उशीर झाला होता. पाच मिनिटं वाचवायला गेलो.

नास्तासिया : आणि लोकांना लांब ठेवायचं काम वासिलीचं, त्यात तो चुकला म्हणून विमान कंपनीनं त्याला कामावरून काढलं. तसं कागदावर आलं म्हणे. त्याची बायकोसुद्धा त्याला म्हणते, तुझंच लक्ष नसेल. तो कागद कुणी लिहिला रे?

ग्रेडी : चहा गार होतोय, मावशी.

नास्तासिया : मी विचारतेय.

ग्रेडी : मी. लिहिलं, की मी इंजिन बंद करतच होतो, तेवढ्यात तुम्ही धावत आलात आणि वासिलीचं लक्ष नव्हतं.

नास्तासिया : धावत! या गुडघ्यांनी!

ग्रेडी : लायसन जाईल म्हणून घाबरलो. त्यानं तुमचा जीव वाचवला आणि मी त्याच्याच माथी मारलं. रात्री झोप लागत नाही, मावशी. माफ करा मला.

नास्तासिया : रडू नकोस, चहा खारट होईल. आणि माफी इथे मागून काय उपयोग? तो रेडिओ बघ. गावात घरोघरी दिवसभर चालू असतो. कुणाकडे काय शिजलंय तेही त्यावरच कळतं. बटण दाब आणि बोल.

ग्रेडी : सगळ्या गावासमोर?

नास्तासिया : त्याला बोल लागला तोही सगळ्या गावासमोरच.

ग्रेडी : मी... मी ग्रेडी बोलतोय. नास्तासिया मावशींच्या घरून. त्या दिवशी इंजिन मी चालू ठेवलं होतं. मावशींना हात करून मीच बोलावलं. वासिली चुकला नव्हता. मी कंपनीला खोटं लिहून दिलं. आज खरं लिहून देतो, मग माझं काय व्हायचं ते होवो. वासिली, मला लाज वाटते.

नास्तासिया : हं.

ग्रेडी : कुणीच काही बोलत नाही.

नास्तासिया : बटण सोड आधी. दाबून धरलंस तर बोलतील कसे?

वासिली (रेडिओवरून) : ग्रेडी, माझी बायको पाणी आणायला गेली होती. आत्ता आलीय. पहिल्यापासून बोल.