बाबांचं ऑलिव्ह तेल

आमच्या बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं, तेव्हा मीच शहाणपणा करून जयनगरला त्यांच्याकडे ऑलिव्ह तेलाची बाटली नेऊन दिली. म्हटलं, "हृदयाला चांगलं असतं. फक्त तळणीला वापरू नका, वरून कच्चं घ्या."

बाबांना तेवढंच हवं होतं. रोज शेंगदाण्याच्या चटणीत आळं करून त्यात ते तेल ओतायचे, आणि तेल संपेपर्यंत भाकरी मागायचे. आई म्हणायची, "अहो, पुरे आता."

"अगं, औषध आहे ते."

महिन्याभरात वजन वाढलं. तिथले डॉक्टर त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अण्णा, भाकरी स्वल्प कमी करा की."

बाबा गंभीरपणे म्हणाले, "करतो. पण मग औषध कशाला लावून खाऊ?"