छाटलेली क्रोटनं

सावित्रम्मा : अय्यो धुळाप्पा, हे काय करून बसलास? सगळी क्रोटनं गुडघ्याएवढी छाटलीस?

धुळाप्पा : व्हय अक्का. उजाडताच छाटली. घायपात तेवढी ठिवली, ती पानी मागत न्हाय.

सावित्रम्मा : कुणाला विचारून? आज दुपारच्या गाडीनं मालक येणार मिरजेहून. दोन वर्षं डोळ्यांपुढं नुसतं धुकं होतं त्यांच्या. ऑपरेशन झाल्यावर पत्रात काय लिहवून घेतलं, ठाऊक आहे? आधी मागच्या अंगणात जाणार, माझी क्रोटनं बघणार. आता काय बघतील, काटक्या?

धुळाप्पा : काटक्या न्हाईत. नखानं खरवडा, आत हिरवं दिसंल.

सावित्रम्मा : कालपर्यंत पानं होती की! तांबडी, पिवळी, ती काळपट जांभळी...

धुळाप्पा : होती म्हंजी लोंबत होती. बहात्तर साल कोरडं गेलं, त्यात ह्ये चैताचं ऊन. पान जेवढं मोठं, तेवढं पानी पितं. आनि झाडास्नी मिळतंय किती, दोन पोहरं.

सावित्रम्मा : दोन कसे? आडातून रोज सहा निघतात. दोन घराला, चार झाडांना, असं ठरलंय आपलं. बाकीचे कुठं गेले? बोल की.

धुळाप्पा : शेजारच्या दानम्माकडं. त्यांची सून बाळंत झालीया, नळाला आठ दिस थेंब न्हाय. भिंतीवरनं घागर देतो.

सावित्रम्मा : आणि मला सांगितलं नाहीस?

धुळाप्पा : तुमी नगं म्हनला असता.

सावित्रम्मा : मी? ...म्हणालेही असते रे. तुला काय सांगू. रोज ह्यांना इथं आणून कुठलं पान कसं रंगलंय ते सांगायची मी. माघात पानं गळायला लागली, तरी सांगत राहिले, झाडं भरलीत म्हणून. पत्रातही तेच लिहिलं. आज सगळं उघडं पडणार.

धुळाप्पा : म्हनून सकाळधरनं येरझाऱ्या चालल्यात व्हय?

सावित्रम्मा : ऐक, टांगा कर आणि नर्सरीतून चार मोठ्या कुंड्या आण. पुढं मांडून ठेवू.

धुळाप्पा : मालकांनी हातानं लावलेली झाडं ही. दुसऱ्याची आनून तुमचीच म्हनून दावायची? माझ्याच्यानं न्हाय व्हायचं.

सावित्रम्मा : मग मीच जाते. माझी चप्पल कुठं गेली? आत्ता इथं होती...

धुळाप्पा : अक्का, ऱ्हाऊ द्या. टांगा थांबला दारात. मालकच आलं.

(वीरभद्रप्पा जाड भिंगांचा नवा चष्मा लावून, भिंतीला हात न लावता मागच्या अंगणात येतात.)

वीरभद्रप्पा : शुक्रवार पेठेतल्या सगळ्या पाट्या वाचत आलो. टांगेवाला हसायला लागला. धुळाप्पा, बरा आहेस? ...ही कुणी छाटली?

धुळाप्पा : मालक, म्या...

सावित्रम्मा : मी सांगितलं त्याला. पाणी नाही. आणि झाडं भरलीत म्हणत होते ना मी, ते खोटं होतं.

वीरभद्रप्पा : ठाऊक होतं मला.

सावित्रम्मा : कसं?

वीरभद्रप्पा : तू लालभडक म्हणायचीस, तेव्हा पायाखाली वाळकी पानं चुरचुरायची.

सावित्रम्मा : मग बोलला का नाहीत?

वीरभद्रप्पा : तू इतकं रंगवून सांगायचीस. कशाला मोडू? धुळाप्पा, छाट तिरकी घेतलीस, बरं केलंस. आषाढात फुटतील.

धुळाप्पा : पाऊस आला म्हंजी.

वीरभद्रप्पा : पलीकडं बाळ रडतंय कुणाचं?

सावित्रम्मा : दानम्माचा नातू. आपल्या आडातलं पाणी जातं त्यांच्याकडं. उद्यापासून आणखी एक घागर द्यावी म्हणते.

वीरभद्रप्पा : दे की. ...जरा इकडं तोंड कर बघू. तुझे केस एवढे कधी पांढरे झाले गं?

सावित्रम्मा : झाले हळूहळू. उन्हात नका उभे राहू, आत चला.